काँकर्ड ते सोलापूर

(पाठाविषयी : चांगले पुस्तक एका गावात जन्म घेते, पण त्या गावात अडकून राहत नाही. अमेरिकेतील काँकर्ड या छोट्या गावात लिहिलेली दोन पुस्तके आणि एक निबंध यांची ओळख या पाठात करून दिली आहे. त्यांचा आपल्या सोलापूरशी आणि आपल्या रोजच्या जगण्याशी काय संबंध आहे, हेही सांगितले आहे.)

परदेशी लेखकाचे नाव निघाले की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत लिहिलेले पुस्तक आम्ही कशासाठी वाचायचे? आमचे सोलापूर कुठे आणि ते गाव कुठे? प्रश्न रास्त आहे. तो विचारलाच पाहिजे. पण त्याचे उत्तर नुसते 'मोठ्या लेखकांची पुस्तके वाचावीत' असे देऊन भागणार नाही. उत्तर शोधायचे तर आधी त्या गावी जाऊन यावे लागेल.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. त्याची राजधानी बोस्टन. बोस्टनपासून सुमारे तीस किलोमीटरवर काँकर्ड हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते अगदी लहान होते. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढेच म्हणा ना! अशा या गावात एकाच काळी अनेक मोठे लेखक राहत होते. त्यांतल्या दोघांची ओळख आज आपण करून घेऊ. एक हेन्री डेव्हिड थोरो आणि दुसरी लुइझा मे अल्कॉट. थोरो वयाने मोठे. लुइझा लहान असताना ते तिला व तिच्या बहिणींना रानात हिंडायला नेत आणि पाने, फुले, पाखरे दाखवत.

थोरो यांचा जन्म १८१७ साली झाला. ते चांगले शिकलेले होते, पण पैसा मिळवण्याची त्यांना घाई नव्हती. माणसाला जगायला खरोखर किती वस्तू लागतात, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्याचे उत्तर त्यांनी पुस्तकात शोधले नाही. एक कुऱ्हाड उसनी घेऊन ते गावाबाहेरच्या वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी गेले. तेथे पाइनची झाडे तोडून त्यांनी स्वतःच्या हातांनी एक खोली बांधली. लांबी पंधरा फूट आणि रुंदी दहा फूट. ४ जुलै १८४५ रोजी ते तेथे राहायला गेले आणि दोन वर्षे, दोन महिने, दोन दिवस राहिले. घराला किती खर्च आला, याचा पै-पैचा हिशेब त्यांनी लिहून ठेवला. फळ्या, जुन्या खिडक्या, विटा, खिळे, सारे धरून २८ डॉलर आणि साडेबारा सेंट! वर्षातून सुमारे सहा आठवडे मजुरी केली की आपल्या साऱ्या गरजा भागतात, असा अनुभव त्यांना आला. उरलेला वेळ ते वाचनात, लिहिण्यात आणि निसर्ग पाहण्यात घालवू लागले. या अनुभवांवर त्यांनी लिहिलेले 'वॉल्डन' हे पुस्तक १८५४ साली प्रसिद्ध झाले.

या पुस्तकात एक विचार आहे. तो नीट समजून घ्या. एखाद्या वस्तूची किंमत केवळ रुपयांत मोजू नका. ती वस्तू मिळवण्यासाठी आयुष्याचा किती भाग द्यावा लागतो, तो मोजा, असे थोरो सुचवतात. हा विचार आपण सोलापुरात आणून पाहू. समजा, एका मुलाला पंधरा हजार रुपयांचा मोबाइल हवा आहे. त्याचे अब्बा यंत्रमागावर काम करतात. त्यांना दिवसाला पाचशे रुपये मिळतात, असे धरू. म्हणजे मोबाइलची किंमत झाली तीस दिवस. रोजचे दहा तास धरले, तर तीनशे तास! तीनशे तास मागाचा तो खडखडाट, तो उडणारा कापसाचा तंतू, ते उभे राहून दुखणारे पाय. दुकानातल्या चिठ्ठीवर हे तीनशे तास लिहिलेले नसतात. ते आपल्याला स्वतः वाचावे लागतात.

याचा अर्थ मोबाइल घेऊच नये, असा नाही. आज त्यावर अभ्यासही होतो. पण किंमत कळल्यावर घेणे वेगळे आणि न कळता हट्ट धरणे वेगळे. हाच हिशेब लग्नातल्या जेवणावळींना लावून पाहा. कर्ज काढून केलेल्या रोषणाईला लावून पाहा. एका रात्रीसाठी घरातल्या माणसांची किती वर्षे खर्च होतात, ते कळेल. थोरो यांनी हिशेब लिहिला तो त्यांच्या घराचा, पण तो वाचताना आपल्याला आपल्या घराचा हिशेब आठवतो. पुस्तकाचा आपल्याशी संबंध जुळतो तो असा.

आता एक आनंदाची गोष्ट सांगतो. 'वॉल्डन'च्या पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी तुमच्या ओळखीचे एक नाव भेटते. ते नाव शेख सादी शिराजी यांचे! सादींच्या हिकायती तुम्ही उर्दूत वाचल्या किंवा ऐकल्या असतील. त्यांच्या 'गुलिस्ताँ'मधील एक प्रसंग थोरो यांनी आपल्या पुस्तकात दिला आहे. लोक एका शहाण्या माणसाला विचारतात, इतकी झाडे असताना फळ न देणाऱ्या सरूच्याच झाडाला 'आझाद' का म्हणतात? तो सांगतो की, इतर झाडांना बहराचा एक हंगाम असतो आणि मग ती कोमेजतात; सरू मात्र या फेऱ्यात सापडत नाही, तो सदा टवटवीत राहतो. विचार करा. तेराव्या शतकात इराणमधील शिराज शहरात लिहिलेले पुस्तक सहाशे वर्षांनी अमेरिकेतील एका तळ्याकाठी पोहोचले. थोरो यांना फारशी येत नव्हती. त्यांनी ते भाषांतरातून वाचले. पण सादी परके आहेत, जुने आहेत, म्हणून त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले नाही. त्यांनी त्यातला 'आझाद' हा शब्द उचलला आणि आपल्या जगण्याला लावून पाहिला. जे त्यांनी सादींच्या बाबतीत केले, तेच आपण त्यांच्या बाबतीत करायचे आहे.

तळ्याकाठी राहत असतानाच एक घटना घडली. १८४६ सालचा जुलै महिना. दुरुस्तीला दिलेला बूट आणण्यासाठी थोरो गावात आले होते. तेथे त्यांना अटक झाली. त्यांनी काही वर्षे डोईपट्टी, म्हणजे माणशी द्यावा लागणारा कर, भरला नव्हता. कर न भरण्यामागे पैशाची अडचण नव्हती. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात लाखो काळ्या माणसांना गुलाम करून ठेवले होते. त्याच वर्षी अमेरिकेने शेजारच्या मेक्सिकोशी युद्धही सुरू केले होते. माणसाला गुलाम करणाऱ्या सरकारला मी पैसा देणार नाही, असे थोरो यांचे म्हणणे होते. एक रात्र त्यांनी तुरुंगात काढली. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी परस्पर कर भरला आणि त्यांची सुटका झाली. मग ते आपला बूट घेऊन रानफळे वेचायला निघून गेले! एका रात्रीची कैद ती केवढी? पण त्या रात्रीवर त्यांनी एक निबंध लिहिला. तो १८४९ साली छापला गेला. पुढे तो 'सविनय कायदेभंग' या नावाने जगभर गाजला.

हा निबंध दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडला. १९०७ साली त्यांनी त्याचा सारांश आपल्या 'इंडियन ओपिनियन' या पत्रात छापला. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. सत्याग्रहाची कल्पना आपण थोरोंकडून घेतली नाही, असे गांधीजींनी स्वतःच सांगितले आहे. सत्याग्रहाची शपथ त्याआधीच, ११ सप्टेंबर १९०६ रोजी, जोहान्सबर्ग येथील सभेत घेतली गेली होती. अन्यायी कायदा पाळणार नाही, अशी शपथ खुदाला साक्ष ठेवून घेऊ या, असे त्या सभेत ठासून सांगणारे गृहस्थ होते शेठ हाजी हबीब. थोरो यांच्या निबंधाने गांधीजींना नवा विचार दिला असे नाही, तर त्यांच्या विचाराला आधार दिला. चांगली पुस्तके पुष्कळदा हेच काम करतात. आपल्या मनात जे अस्पष्ट असते, त्याला ती शब्द देतात.

आता हा धागा आपल्या शहरात येतो. १९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला. ५ मे रोजी त्यांना अटक झाल्याची बातमी आली आणि सोलापूर पेटून उठले. गिरण्या बंद पडल्या, मिरवणुका निघाल्या. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. लोकांचा संयम सुटला. चौकी जाळली गेली, पोलीस मारले गेले. १२ मे रोजी इंग्रज सरकारने सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला. गांधी टोपी घालणे किंवा राष्ट्रध्वज घेऊन फिरणे हाही गुन्हा ठरला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांवर खटला चालला. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. हुतात्मा चौकातून जाताना ते चार पुतळे तुम्ही पाहता. त्यांतले कुर्बान हुसेन कामगारांत वावरणारे होते आणि 'गझनफर' नावाचे पत्र काढत. चौघांची आडनावे वाचा. चार समाजांची चार घरे, पण शेवटचा दिवस एकच.

काँकर्डच्या एका रात्रीची आणि सोलापूरच्या त्या दिवसांची तुलना करताना फरकही पाहिला पाहिजे. थोरो यांना एका रात्रीची कैद झाली. येथे चौघांचे प्राण गेले. थोरो एकटे होते. येथे सारे शहर रस्त्यावर होते. आणि सोलापुरात लोकांच्या हातून हिंसाही घडली, जी सत्याग्रहाला मान्य नाही. इतिहास वाचताना हे लपवायचे नसते. फरक दिसला तरच साम्यही नीट दिसते.

तेव्हा सविनय कायदेभंग म्हणजे काय, हे स्पष्ट करून घेऊ. गृहपाठ न करणे किंवा सिग्नल तोडून पळणे म्हणजे कायदेभंग नव्हे. त्याला चार अटी आहेत. पहिली अट, कायदा खरोखर अन्यायाचा असला पाहिजे. दुसरी, तो उघडपणे मोडला पाहिजे, लपूनछपून नव्हे. तिसरी, कोणालाही इजा करता कामा नये. चौथी आणि सर्वांत अवघड अट, त्याबद्दल होणारी शिक्षा तक्रार न करता भोगली पाहिजे. तुमच्या वयाला याची परीक्षा कुठे होते? परीक्षेच्याच खोलीत! सारे कॉपी करत आहेत, चिठ्ठी तुमच्या बाकापर्यंत आली आहे, आणि तुम्ही ती पुढे ढकलत नाही. मित्र रागावतात, गुण कमी पडतात. ते सोसायची तयारी असेल, तर काँकर्डच्या त्या तुरुंगाचा अर्थ तुम्हाला कळला.

थोरो यांचे हे पुस्तक मराठीत आणले दुर्गाबाई भागवत यांनी. त्यांच्या भाषांतराचे नाव 'वॉल्डनकाठी विचारविहार'. त्यानंतर काही वर्षांनी, १९७५ साली, देशात आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर बंधने आली. त्याच वर्षी कराडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या दुर्गाबाई अध्यक्ष होत्या. समोर सत्तेतली माणसे बसलेली असताना त्यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला लावली. पुढे १९७६ साली त्यांना अटक झाली. थोरो यांचे भाषांतर करणाऱ्या लेखिकेलाही तुरुंग पाहावा लागला. पुस्तकातल्या विचाराची किंमत द्यायची वेळ आली, तेव्हा त्या मागे सरल्या नाहीत.

आता त्याच गावातल्या लुइझा मे अल्कॉटकडे वळू. तिचा जन्म १८३२ सालचा. वडील मोठे विचारवंत होते, पण घरात पैसा नसे. चार बहिणींत लुइझा दुसरी. घर चालवण्यासाठी तिने शिवणकाम केले, मुलांना शिकवले, दुसऱ्याच्या घरी मोलकरीण म्हणूनही काम केले. उरलेल्या वेळात ती लिहीत असे. १८६८ साली तिचे 'लिटल विमेन' हे पुस्तक आले आणि साऱ्या कुटुंबाची ददात मिटली. शांता शेळके यांनी ते 'चौघीजणी' या नावाने मराठीत आणले आहे.

मेग, जो, बेथ आणि एमी या चार बहिणींची ही गोष्ट आहे. वडील युद्धावर गेले आहेत. आई घर सांभाळते. मेग दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते. जो एका चिडखोर आत्याबाईंची सोबत करते आणि त्याचे पैसे घरी आणते. वडील आजारी असल्याची तार येते, तेव्हा आईच्या प्रवासाला पैसे हवेत म्हणून ती आपले लांब केस विकून पंचवीस डॉलर आणते. जोला लेखिका व्हायचे आहे. घरकाम आटोपल्यावर माळ्यावर बसून ती कागद काळे करते.

हे वाचताना सोलापूरच्या मुलीला काही आठवणार नाही, असे कसे होईल? आपल्याकडे कितीतरी घरांत अम्मी, खाला किंवा मोठी आपा विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने कापलेली पाने आणि बोटांत दोरा. बोटे चालू असतात आणि शेजारी धाकट्या बहिणीचे पाठांतरही चालू असते. त्या हातांनी कितीतरी मुलांची फी भरली आहे. मग दहावी झाली की त्याच घरात बोलणे निघते, 'आता मुलीला शिकवून काय करायचे?' जोच्या घरी पैसा नव्हता, पण तिची आई तिच्या लिहिण्याला हसली नाही. गरिबी आणि मुलीचे शिक्षण यांत वैर असलेच पाहिजे असे नाही, हे हे पुस्तक दाखवते. शिकलेली मुलगी घराला ओझे होत नाही, हे स्वतः लुइझाने दाखवून दिले.

आणखी एक गंमत ऐका. शेजारचा श्रीमंत मुलगा लॉरी जोला लग्नाची मागणी घालतो. जो त्याला प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणते. पुस्तकाचा पहिला भाग वाचून वाचक मुलींनी लेखिकेला पत्रे पाठवली होती, या दोघांचे लग्न लावाच म्हणून! लुइझाने ऐकले नाही. आपल्या नायिकेला स्वतःचे मत आहे, हे तिला जपायचे होते. मुलीचे मत विचारात घ्यावे, ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही. निकाहात मुलीची संमती विचारली जाते, ती केवळ रीत म्हणून नव्हे.

मात्र पुस्तकाशी नाते जोडायचे म्हणजे त्यातले सारे खरे मानायचे, असे नाही. थोरो यांनी जेथे खोली बांधली ती जमीन त्यांचे मित्र इमर्सन यांची होती. आईचे घर चालत जाण्याइतके जवळ होते आणि ते तेथे अधूनमधून जेवायलाही जात. त्यांच्यावर बायको-मुलांची जबाबदारी नव्हती. पाच माणसांचे पोट भरणारा यंत्रमाग कामगार वर्षातून सहा आठवडे काम करून घरी बसू शकेल का? नाही. हा प्रश्न लेखकाला विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. थोरो यांना तो आवडलाही असता.

म्हणून कोणतेही जुने किंवा परदेशी पुस्तक वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवा. लेखकाने आपल्या गावात काय पाहिले? ते माझ्या गावात कुठे दिसते? आणि कुठे माझे त्याच्याशी पटत नाही? पहिल्या प्रश्नाने पुस्तक समजते. दुसऱ्याने ते आपले होते. तिसऱ्याने आपण स्वतः विचार करायला लागतो.

आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत ऐकू येतात. एका भाषेतून दुसरीत जाणे हे सोलापूरच्या मुलाला नवे नाही. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि हा पाठ मराठीत वाचत आहात. शांताबाईंनी आणि दुर्गाबाईंनी ती दोन पुस्तके तुमच्या वाटेवर आणून ठेवली आहेत. ग्रंथालयात जा, आणि दोहोंपैकी एक तरी या वर्षी वाचा.

शब्दार्थ

रास्त – वाजवी, दुरुस्त. उसनी – परत देण्याच्या बोलीने घेतलेली. अन्याय – जुल्म, नाइन्साफी. शिक्षा – सजा. संयम – सब्र. निर्भयपणे – न घाबरता, बेखौफ. ददात – टंचाई, तंगी. संमती – रजामंदी. हुतात्मा – शहीद.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) थोरो वॉल्डन तळ्याकाठी किती काळ राहिले?
(आ) 'गुलिस्ताँ'मध्ये कोणत्या झाडाला 'आझाद' म्हटले आहे?
(इ) सोलापुरात मार्शल लॉ कधी पुकारला गेला?
(ई) 'लिटल विमेन'चे मराठी भाषांतर कोणी केले?

२. कारणे लिहा.
(अ) थोरो यांनी डोईपट्टी भरली नाही.
(आ) जोने आपले केस विकले.

३. थोडक्यात लिहा.
(अ) सविनय कायदेभंगाच्या चार अटी कोणत्या?
(आ) काँकर्डची घटना आणि सोलापूरची घटना यांतील साम्य व फरक सांगा.

४. तुम्हाला हवी असलेली एक वस्तू निवडा. ती घेण्यासाठी घरातील कोणाला किती दिवस काम करावे लागेल, याचा हिशेब मांडा आणि त्यावर पाच वाक्ये लिहा.

५. कायदा, गुन्हा, हिशेब, खर्च, साल, कैद हे या पाठातील शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.